टोल्यूईनमध्ये ॲस्फाल्टीन खरंच विरघळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी व्हॅक्यूम रेसिड्यूमधून, म्हणजे क्रूडच्या (कच्च्या खनिज तेलाच्या) निर्वात ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या जड भागातून, हेप्टेन वापरून ॲस्फाल्टीन वेगळं काढलं. ते टोल्यूईनमध्ये पूर्ण विरघळलं, गाळणकागदावर कणभरही राहिलं नाही. पण व्हेपर प्रेशर ऑस्मोमीटरवर (बाष्पदाबातल्या फरकावरून रेणुभार काढणाऱ्या यंत्रावर) टोल्यूईनमध्ये रेणुभार चार हजारांच्या वर आला आणि नायट्रोबेंझीनमध्ये निम्म्याहून कमी. मार्गदर्शक म्हणतात, यंत्राचं कॅलिब्रेशन बिघडलंय. दुसरी शंका: ॲसिटोनचा विद्राव्यता गुणांक पुस्तकात ॲस्फाल्टीनच्या जवळपास दिसतो, मग त्यात ते का विरघळत नाही? आणि तिसरी: टोल्यूईन-हेप्टेनच्या एकाच मिश्रणात पहिल्या दिवशी गाळ दिसला नाही, आठवड्याने दिसला. यातला खरा निकाल कोणता?

यंत्राच्या मागे लागू नका. कॅलिब्रेशन बहुधा ठीक आहे आणि तुमचे दोन्ही आकडे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. ते रेणूचे आकडे नाहीत, एवढाच घोळ आहे. क्रूड आणि जड इंधनाच्या प्रयोगशाळेत काम करताना हा गोंधळ वारंवार समोर येतो, कारण ‘विरघळलं’ आणि ‘विरघळलं नाही’ असे दोनच रकाने आपण डोक्यात धरून बसतो. ॲस्फाल्टीनचं वागणं या दोन रकान्यांत बसत नाही. चांगल्यातल्या चांगल्या द्रावकातही ते पुंजक्यांनी राहतं. पुंजका कुठल्या पायरीवर थांबायचा, एवढंच द्रावक ठरवतं.

मुळात ॲस्फाल्टीन हा काही एक पदार्थ नव्हे. क्रूडचा जो भाग हेप्टेनमध्ये विरघळत नाही आणि टोल्यूईनमध्ये विरघळतो, तो ॲस्फाल्टीन. म्हणजे व्याख्याच द्रावकावर उभी आहे. फ्रान्सच्या बूसँगो यांनी १८३७ मध्ये हे नाव दिलं, तेव्हाही कसोटी द्रावकाचीच होती: अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, टर्पेंटाइनमध्ये विरघळतं. हेप्टेनऐवजी पेंटेन घेतलं तर त्याच नमुन्यातून जास्त माल खाली पडतो, कारण रेझिनचा (क्रूडमधल्या ॲस्फाल्टीनच्या खालोखाल जड भागाचा) काही अंशही सोबत येतो. रिफायनरीच्या डीॲस्फाल्टिंग युनिटमध्ये प्रोपेन वापरतात, तेव्हा तर रेझिनही बऱ्याच प्रमाणात खाली जातं. त्यामुळे ‘ॲस्फाल्टीन ८ टक्के’ एवढंच लिहिलेला अहवाल अपुरा असतो. कोणत्या द्रावकाने, किती पटीने आणि किती वेळाने, हे लिहायलाच हवं. एएसटीएम डी ६५६० या प्रमाणित चाचणीत म्हणूनच सगळं बांधून दिलंय: दर ग्रॅम नमुन्याला ३० मिली हेप्टेन, तासभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आणत उकळणं), मग दीड ते अडीच तास अंधाऱ्या कपाटात, मग ४२ नंबरच्या कागदावर गाळणं आणि गरम हेप्टेनने धुणं. या कागदाची छिद्रं अडीच मायक्रॉनच्या आसपास असतात. हा आकडा लक्षात ठेवा, तो लगेच लागणार आहे.

आता रेणुभाराकडे येऊ. १९६७ मध्ये तेह फू येन यांनी ॲस्फाल्टीनच्या रचनेचा पायऱ्यापायऱ्यांचा आराखडा मांडला. ऑलिव्हर म्युलिन्स यांनी २०१० मध्ये तो सुधारून मांडला आणि आज त्याला येन-म्युलिन्स मॉडेल म्हणतात. त्यानुसार एकट्या रेणूचा भार साधारण ७५० डाल्टन आणि आकार दीड नॅनोमीटरच्या घरात. मधोमध एकमेकींना चिकटलेल्या बेंझीन-वलयांची चपटी चकती आणि कडेने अल्किल साखळ्या. अशा सहाएक रेणूंच्या चकत्या एकमेकींवर बसतात तेव्हा सुमारे दोन नॅनोमीटरचा नॅनोपुंजका होतो. तो सहाच्या आसपास थांबतो, कारण चकत्या चिकटू पाहतात पण कडेच्या साखळ्यांची गर्दी झाली की नव्या चकतीला आत शिरायला जागा राहत नाही. पुढची पायरी म्हणजे आठएक नॅनोपुंजक्यांचा सैल झुबका, पाचेक नॅनोमीटरचा. त्याच्यापुढे मग डोळ्यांना दिसणारी गुठळी आणि गाळ.

यातली तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे नॅनोपुंजके कुठे सुरू होतात ती सीमा. टोल्यूईनमध्ये ती लिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या वेगावरून आणि विद्युतवहनावरून ती मोजली गेली. झुबक्यांची सीमा लिटरला काही ग्रॅम. ऑस्मोमीटरला नीट सिग्नल मिळायला मात्र लिटरला काही ग्रॅम माल लागतो. म्हणजे यंत्र जिथे वाचायला लागतं तिथे एकटे रेणू जवळपास उरलेलेच नसतात. सहा गुणिले ७५० किती होतात? ४५००. तुमचा आकडा चार हजारांच्या वर आला यात आश्चर्य वाटायला नको.

नायट्रोबेंझीन आणि पिरिडीन जास्त ध्रुवीय आहेत. रेणूंमधले हायड्रोजन बंध आणि आम्ल-अल्कली ओढ ते जास्त चांगली तोडतात. शिवाय नायट्रोबेंझीनमधलं मापन सहसा जास्त तापमानाला करतात, आणि उष्णतेनेही पुंजका सैल होतो. १९७६ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टात मोस्कोपेडिस, फ्रायर आणि स्पाइट यांनी हेच पद्धतशीर दाखवलं होतं: द्रावकाची ध्रुवीयता आणि तापमान वाढवा, दिसणारा रेणुभार उतरतो. तुमच्या मार्गदर्शकांसमोर हे ठेवायला हरकत नाही.

एक इशारा मात्र देतो. वरचा आराखडा सगळ्यांनी डोळे मिटून मान्य केलेला नाही. २०१५ मध्ये आयबीएमच्या झुरिच प्रयोगशाळेने अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेका ॲस्फाल्टीन रेणूची चित्रं घेतली. त्यात मधोमध एकच चकती असलेले रेणू ठळकपणे दिसले आणि ‘बेट’ पक्षाला जोर आला. पण काही क्रूडमध्ये लहान लहान चकत्या साखळ्यांनी जोडलेले ‘द्वीपसमूह’ प्रकारचे रेणूही भरपूर सापडतात, आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सहजी आयन होत नाहीत म्हणून आधीच्या मापनांत दडून राहिले, असं दुसरा पक्ष सांगतो. मरे ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नुसत्या चकत्यांच्या चळतीऐवजी आम्ल-अल्कली, हायड्रोजन बंध, धातू आणि साखळ्या असा सगळ्यांचा मिळून बनलेला पुंजका मांडला. माझं मत विचाराल तर दोन्ही पक्ष वेगवेगळ्या क्रूडकडे बघून बोलतायत. प्रकल्पात ‘सहा रेणू’ हा आकडा नियम म्हणून लिहू नका, साधारण अंदाज म्हणून लिहा. ॲस्फाल्टीनचा काही भाग अजिबात पुंजके न करणाराही असतो.

अडीच मायक्रॉनची छिद्रं आठवा. झुबका पाच नॅनोमीटरचा. छिद्र त्याच्या पाचशे पट मोठं. गाळणकागदावर काही राहिलं नाही यावरून ‘पूर्ण विरघळलं’ म्हणता येत नाही, फक्त अडीच मायक्रॉनपेक्षा मोठी गुठळी नव्हती एवढंच म्हणता येतं. ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावलात तरी हेच. आपल्याकडे रस्त्याच्या डांबरालाही आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये किमान ९९ टक्के विद्राव्यता लागते. ती कसोटी माती-खडी आणि जळका कार्बन पकडायला उत्तम आहे, पुंजक्यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता ॲसिटोन. तुम्ही बघितलेला आकडा हिल्डेब्रांड गुणांकाचा: हेप्टेन १५.३, सायक्लोहेक्झेन १६.८, टोल्यूईन १८.२, ॲसिटोन जवळजवळ २०. एकक मेगापास्कलचं वर्गमूळ. ॲस्फाल्टीनचा गुणांक साधारण २० ते २२ धरतात, त्यामुळे कागदावर ॲसिटोन टोल्यूईनपेक्षा सरस दिसतं. प्रत्यक्षात ॲसिटोन ओतलं की तळाला काळा चिकट गोळा.

इथे एकच आकडा पुरत नाही. हॅन्सन यांनी तोच गुणांक तीन भागांत फोडला: विखुरण बल, ध्रुवीय बल आणि हायड्रोजन बंध. टोल्यूईन १८.०, १.४, २.०. ॲसिटोन १५.५, १०.४, ७.०. हेप्टेन १५.३, आणि बाकी दोन्ही शून्य. पेर रेडेलिउस यांनी बिट्युमेनसाठी काढलेले आकडे सुमारे १८.४, ३.९ आणि ३.६ आहेत. हॅन्सनच्या सूत्राने अंतर काढा, पहिल्या फरकाच्या वर्गाला चारने गुणायला विसरू नका. टोल्यूईन बिट्युमेनपासून सुमारे ३ वर येतं, हेप्टेन ८ वर आणि ॲसिटोन ९ च्याही पुढे. बेरजेने टोल्यूईनच्या शेजारी बसणारं ॲसिटोन प्रत्यक्षात हेप्टेनपेक्षाही लांब पडतं. ॲस्फाल्टीनचे स्वतःचे आकडे बिट्युमेनपेक्षा थोडे वर सरकतील, पण क्रम फारसा बदलत नाही. ॲस्फाल्टीनचा मोठा भाग चपट्या चकत्यांचा आहे आणि त्यांची ओढ मुख्यतः विखुरण बलाची. ती तोडायला तेवढ्याच ताकदीच्या विखुरण बलाचं द्रावक लागतं. ध्रुवीयता थोडी असली तर मदत होते, जास्त झाली तर द्रावकाचे रेणू आपापसांतच गुंततात आणि ॲस्फाल्टीनला बाहेर ढकलतात.

म्हणून एकाच ॲस्फाल्टीनचा पुंजका प्रत्येक द्रावकात वेगळा दिसतो. मेक्सिकोच्या माया क्रूडचं ॲस्फाल्टीन न्यूट्रॉन प्रकीर्णनाने (न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहून) तपासलं गेलंय. डेकॅलिनमध्ये, म्हणजे वलयं असूनही सुगंधी (ॲरोमॅटिक, बेंझीनसारख्या वलयांच्या) नसलेल्या द्रावकात, साध्या तापमानाला पुंजके पसरून जाळ्यासारखे झाले. मिथाइलनॅफ्थॅलिनमध्ये, जिथे दोन सुगंधी वलयं आहेत, ते लहान आणि आटोपशीर राहिले. सायक्लोहेक्झेन मधलंच: बरंचसं घेतं, थोडं सोडतं, आणि घेतलेलंही मोठ्या पुंजक्यांत ठेवतं. तुमच्याकडे एकच अधिकचा द्रावक घ्यायची सोय असेल तर मिथाइलनॅफ्थॅलिन घ्या. त्यातून नायट्रोबेंझीनपेक्षा जास्त शिकायला मिळेल, कारण तिथे ध्रुवीयता आणि सुगंधीपणा यांची सरमिसळ होत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. हेप्टेनऐवजी लांब साखळीचं अल्केन घेतलं तर गाळ कमी पडायला हवा, कारण गुणांक वाढतो. पेंटेनपासून नऊ-दहा कार्बनपर्यंत तसं होतंही: गाळ सुरू व्हायला अल्केन जास्त लागतं. पण त्याच्यापुढे, हेक्झाडेकेनसारख्या लांब साखळ्यांत, उलटं होतं आणि कमी अल्केनमध्येच गाळ सुरू होतो. वीही, यारांटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा विरोधाभास उलगडला. लांब रेणू मिसळताना एन्ट्रॉपीचा (मिसळल्याने वाढणाऱ्या विस्कळीतपणाचा) फायदा कमी मिळतो, आणि एका टप्प्यानंतर तो तोटा गुणांकाच्या फायद्यावर मात करतो. नुसत्या गुणांकावर भरवसा ठेवणाऱ्याला इथे ठेच लागते.

तिसऱ्या शंकेकडे वळतो. जहाजाच्या इंधनात खरी किंमत मोजावी लागते ती इथेच.

पहिल्या दिवशी गाळ नाही, आठवड्याने आहे. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, पण ऊष्मागतिकीच्या दृष्टीने ते मिश्रण पहिल्या दिवसापासूनच अस्थिर होतं. मिशिगन विद्यापीठातल्या स्कॉट फोग्लर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की अवक्षेप दिसायला लागणारा वेळ काही मिनिटांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. हेप्टेन भरपूर असेल तर लगेच, सीमेजवळ असेल तर महिने. त्याआधीच्या बऱ्याच लोकांनी तासा-दोन तासांत सूक्ष्मदर्शक लावून ‘इतक्या टक्क्यांपर्यंत स्थिर’ असे आकडे छापले होते. ते आकडे स्थिरतेचे नव्हते, घाईचे होते. खालून काय चाललेलं असतं? पाच नॅनोमीटरचे झुबके एकमेकांवर आदळतात, बहुतेक वेळा चिकटत नाहीत, क्वचित चिकटतात. हेप्टेन वाढलं की चिकटण्याची शक्यता वाढते. गुठळी वाढते ती भरीव गोळी होऊन नाही, फांद्या फुटल्यासारखी, आतमध्ये द्रावक धरून. दिसण्याइतकी मोठी व्हायला वेळ लागतो तो याचाच. म्हणून तुमच्या तक्त्यात ‘गाळ सुरू होण्याची सीमा’ लिहिताना सोबत तास किंवा दिवस लिहा. वेळ नसलेली सीमा वाचणाऱ्याच्या काहीच कामाची नाही.

वेळेइतकाच क्रम महत्त्वाचा. बेसन पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि बेसनात थोडं थोडं पाणी घातलं तर होत नाहीत, हे पिठलं करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इथेही ओतण्याची दिशा बघावी लागते, फक्त कारण वेगळं आहे. अर्विन वीही यांनी क्रूडसाठी दोन अंक बसवले. एक, तेल स्वतः किती चांगलं द्रावक आहे त्याचा. दुसरा, त्यातलं ॲस्फाल्टीन धरून ठेवायला किमान किती चांगलं द्रावक लागतं त्याचा. मोजपट्टीवर हेप्टेन शून्य, टोल्यूईन १००. मिश्रणाचा पहिला अंक आकारमानाप्रमाणे सरासरीने येतो आणि तो घटकांमधल्या सगळ्यात मोठ्या दुसऱ्या अंकापेक्षा वर राहायला हवा. सीरियाचं सुवेदिये आणि उत्तर समुद्रातलं फोर्टीज ही पाठ्यपुस्तकी जोडी घ्या: सुवेदियेचे अंक सुमारे ६३ आणि ३९, फोर्टीजचे २७ आणि ११. दोन्ही स्वतंत्रपणे निर्धास्त. पण फोर्टीज दोन तृतीयांशांच्या वर गेलं की मिश्रणाचा अंक ३९ च्या खाली येतो आणि सुवेदियेचं ॲस्फाल्टीन बाहेर पडतं. समजा तुम्हाला निम्मं-निम्मं मिश्रण हवंय. सुवेदियेच्या टाकीत फोर्टीज सोडत गेलात तर शेवटपर्यंत सुरक्षित. फोर्टीजच्या टाकीत सुवेदिये सोडलंत तर सुरुवातीचा सगळा काळ असुरक्षित पट्ट्यात जातो, आणि तिथे झालेली गुठळी नंतर अंक सुधारला तरी लवकर मोडत नाही. प्रयोगशाळेत बाटली तीच, प्रमाण तेच, आणि निकाल वेगळा, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

१ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली, तेव्हा हा विषय एकदम बंदराबंदरात पोचला. गंधक कमी करायला जड रेसिड्यूमध्ये पॅराफिनिक (अल्केन जास्त असलेले) प्रवाह मिसळायला लागले, म्हणजे जाणूनबुजून हेप्टेनच्या दिशेने जाणं. दोन बंदरांतून घेतलेली दोन इंधनं, दोन्ही प्रमाणपत्रासह, एका टाकीत एकत्र आली की प्युरिफायर (इंधनातला गाळ वेगळा काढणारं यंत्र) चिखलाने भरतो. आयएसओ ८२१७ या जहाज-इंधनाच्या मानकात एकूण गाळाची मर्यादा ०.१० टक्के आहे आणि तो इंधन मुद्दाम जुनं करून मोजतात: १०० अंश सेल्सियसला २४ तास ठेवून, किंवा हेक्झाडेकेन घालून १०० अंशांना तासभर. फोग्लर यांनी सांगितलेला वेळेचा मुद्दा इथे उष्णतेने आणि अल्केनने आटोक्यात आणलाय. पण ही चाचणी त्या एका इंधनाची, दोघांच्या मिश्रणाची नाही. त्यासाठी जहाजावरच समप्रमाणात मिसळून कागदावर गरम थेंब सोडायचा आणि डाग बघायचा, ही एएसटीएम डी ४७४० ची साधी पद्धत. मधोमध काळं वर्तुळ उठून दिसलं की टाकी वेगळी ठेवा. महागड्या उपकरणांइतकाच मी या डागावर विश्वास ठेवतो.

विहिरीत हेच काम दाब करतो. दाब उतरला की तेलात विरघळलेला हलका वायू फुगतो, तेल हेप्टेनसारखं वागू लागतं आणि बुडबुड्याच्या दाबापाशी ॲस्फाल्टीनची अवस्था सगळ्यात वाईट असते. वायू निघून गेला की पुन्हा सुधारते. म्हणून ॲस्फाल्टीन किती टक्के आहे यावरून धोका ठरत नाही. व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात ते सुमारे १७ टक्के असून उत्पादनात त्रास नाही, आणि अल्जेरियाच्या हासी मसूदमध्ये एक टक्क्याच्या कितीतरी खाली असूनही नळ्या तुंबण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. हलक्या तेलात धरून ठेवणारं द्रावकच कमी.

मुंबई हायच्या तेलावर काम करणारे कधीकधी गाळाला सरसकट ॲस्फाल्टीन म्हणतात. ते तेल मेणचट आहे, गोठणांक ३० अंशांच्या घरात. तिथे थंडीत घट्ट होतं ते बहुधा मेण. ओळख सोपी: ६०-७० अंशांना गरम करा. मेण वितळतं, ॲस्फाल्टीन वितळत नाही. टोल्यूईनमध्ये मात्र ॲस्फाल्टीन विरघळतं.

तुमच्या प्रयोगात पुढे काय करावं ते सांगतो. गाळलेलं ॲस्फाल्टीन सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळून पुन्हा पुन्हा नमुन्यावरून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) हेप्टेनने धुऊन घ्या, जोवर खाली उतरणारा थेंब रंगहीन होत नाही तोवर. अडकलेलं रेझिन सगळे निकाल बिघडवतं. वाळवलेली भुकटी टोल्यूईनमध्ये घातल्यावर लगेच मापन करू नका, रात्रभर हलवत ठेवा. वाळताना दाबले गेलेले पुंजके सावकाश सुटतात. बाटल्या अंधारात आणि नायट्रोजनखाली ठेवा. टोल्यूईन कोरडं करून घ्या, कारण त्यातलं विरघळलेलं किंचित पाणीही हायड्रोजन बंधांतून पुंजके वाढवतं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तुमचे आकडे जुळले नाहीत तर आधी पाण्याकडे बघा. हेप्टेन घालताना ढवळत, थेंबाथेंबाने घाला, नाहीतर जिथे धार पडते तिथे क्षणभर शुद्ध हेप्टेन असतं.

रेणुभार तीन-चार संहतींना मोजा आणि आलेख शून्य संहतीकडे ओढा. पण त्या छेदबिंदूला ‘रेणुभार’ असं शीर्षक देऊ नका. पुंजक्यांची सीमा तुमच्या सगळ्यात पातळ नमुन्याच्याही खूप खाली आहे, त्यामुळे सरळ रेषा ओढली तरी ती पुंजक्याच्याच भाराकडे जाते. ‘टोल्यूईनमधला, ५० अंशांचा, दिसणारा सरासरी भार’ असं लिहा, नायट्रोबेंझीनचा त्याच्या शेजारी लिहा, आणि जमलं तर टोल्यूईनचंच मापन आणखी दोन तापमानांना करा. तापमानाबरोबर आकडा उतरत गेला, तर कॅलिब्रेशनचा वाद तिथेच मिटेल. त्याच दिवशी बेंझिलसारखा माहीत रेणुभाराचा पदार्थ त्याच यंत्रावर मोजून तो आकडाही तक्त्यात द्या.